भूमिगत कोळसा खाणीचा पर्यावरण अहवाल: जनसुनावणीआधी काय वाचावं, काय विचारावं

प्रश्न थोडक्यात असा. वणी तालुक्यातल्या एका गावालगतचं झुडपी जंगल, ई-क्लासची (गावाच्या गुरांसाठी राखलेल्या सरकारी जमिनीची) चराई आणि थोडं राखीव जंगल यांच्याखालून भूमिगत कोळसा खाण प्रस्तावित आहे. जनसुनावणीची जाहिरात आली आहे. अहवालाच्या मराठी सारांशात ‘खाण भूमिगत असल्याने पृष्ठभागावरील परिणाम नगण्य’ असं लिहिलं आहे. विचारणारी भावंडं नोकरीमुळे कांदिवलीत राहतात, आईवडील आणि शेती गावाकडे. हा दावा खरा मानायचा का, आणि मुंबईत बसून आपण काय करू शकतो, असं त्यांचं विचारणं आहे.

मी मुंबईत राहून खाणींचे पर्यावरण अहवाल आधी लिहिण्याचं आणि पुढे तपासण्याचं काम बरीच वर्षं करत आलो आहे. माझं उत्तर असं: तो दावा एका अटीवर खरा आहे, आणि ती अट सारांशात सहसा नसते. कोळशाचे खांब शेवटपर्यंत जागेवर ठेवणार की तेही काढणार, यावर तुमच्या गावाची जमीन, विहिरी आणि जंगल अवलंबून आहे.

आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणी बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. थरात आधी आडव्या-उभ्या गल्ल्या काढतात, मधे कोळशाचेच चौकोनी खांब राहतात. हा डेव्हलपमेंटचा टप्पा. छत खांबांवर पेललेलं असतं, त्यामुळे वरची जमीन फारशी हलत नाही. सारांशातलं वाक्य या टप्प्याला लागू पडतं. पण बहुतेक कोळसा या खांबांतच अडकलेला असतो, म्हणून काही वर्षांनी डीपिलरिंग सुरू होतं. एका टोकाकडून खांब काढत मागे यायचं आणि मागचं छत कोसळू द्यायचं. खाणीतली माणसं त्या कोसळलेल्या पोकळीला गोफ म्हणतात. छत कोसळलं की त्यावरचा खडक वाकतो, भेगाळतो आणि शेवटी वरची जमीन खचते.

किती खचते? छत कोसळू दिलं तर काढलेल्या जाडीच्या निम्म्याहून जास्त खचणं शक्य असतं. तीन मीटर जाडीचा थर पूर्ण काढला आणि खचण्याचं प्रमाण ६० टक्के धरलं, तर मधोमध जमीन १.८ मीटर खाली जाईल. पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरली, म्हणजे सँड स्टोइंग केलं, तर हेच प्रमाण काही टक्क्यांवर येतं. तेव्हा अहवाल हातात पडला की आधी खाण आराखड्याचं प्रकरण उघडा. डीपिलरिंग आहे का, छत पाडून की वाळू भरून, थराची काढायची जाडी किती, आणि जमिनीपासून खोली किती? हे चार आकडे मिळाले की हवा, आवाज, रोजगार यांवरची पानं नंतर वाचली तरी चालतील.

वर्धा खोऱ्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. इथला मुख्य थर फार जाड आहे, काही ठिकाणी १५ मीटरांहूनही जास्त. अहवालात त्यातला तीन-साडेतीन मीटरचाच पट्टा काढणार असं लिहिलेलं असेल, तर उरलेल्या थराचं पुढे काय, हे विचारा. नंतर दुसरा पट्टा काढायचा बेत असेल, तर खचण्याचा हिशेब दोन्ही पट्ट्यांचा एकत्र हवा. पहिल्या पट्ट्याचा हिशेब दाखवून मंजुरी आणि दुसऱ्यासाठी पाच-सात वर्षांनी विस्ताराचा अर्ज, अशी विभागणी झाली तर संपूर्ण परिणाम एकत्रितपणे कधीच कोणी तपासत नाही. मला या क्षेत्रात सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे.

वाळू भरणार असं लिहिलं असेल तर आनंद माना, पण वाळू कुठून आणणार हेही विचारा. वर्धा आणि पैनगंगेच्या पात्रांतून वाळू उपसायची असेल, तर तो उपसा याच प्रकल्पाचा परिणाम आहे आणि त्याची नोंद अहवालात हवी. वीज केंद्रांची राख भरण्याचा पर्याय तपासला का, हा प्रश्नही रास्त आहे.

जमीन खचते तेव्हा सगळी एकसारखी खाली जात नाही, आणि नुकसान मधोमध कमी, कडेला जास्त होतं. मधला भाग बशीसारखा बसतो, कडेची जमीन मात्र ताणली जाते. घरांसाठी हा ताण मीटरमागे ३ मिलिमीटरच्या आत असावा, असं सर्वसाधारणपणे मानतात. डीपिलरिंग झालेल्या पॅनलच्या, म्हणजे खाणीच्या एकेका आखलेल्या भागाच्या, कडेनं जंगलात फिरलात तर सरळ रेषेत गेलेल्या भेगा दिसतात. काहींत हात जातो, काहींत गुराचा पाय. मृगाचा पहिला पाऊस ओढ्यापर्यंत पोचतच नाही, भेगेत जिरतो. कडेच्या झाडांची मुळं एका बाजूनं उघडी पडतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत शेंडे वाळू लागतात. भेगा मातीनं बुजवण्याची अट मंजुरीत असते. ती पाळली जाते का, हे पाहायला गावाशिवाय कोणी नसतं.

उथळ खाणीचा धोका वेगळा. तिथे जमीन हळूहळू बसत नाही, अचानक खड्डा पडतो, आणि तोही बहुधा पावसाळ्यात. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गडप झालं. आधी हादरे जाणवले म्हणून घरातली माणसं बाहेर आली आणि वाचली. ती वस्ती जुन्या भूमिगत खाणीवर उभी होती. वणी-घुग्घुस पट्ट्यात जुन्या कामांची कमतरता नाही. तेव्हा प्रस्तावित खाणीच्या आसपास बंद पडलेल्या खाणी कुठे आहेत, त्यांचे नकाशे उपलब्ध आहेत का, त्यांत पाणी साठलेलं आहे का, हे विचारायलाच हवं. पाण्यानं भरलेल्या जुन्या कामाला धक्का लागला तर काय होतं, हे १९७५ मध्ये धनबादजवळच्या चासनाला खाणीत दिसलं आहे. तिथे ३७५ कामगार बुडून मेले.

आता पाणी. माझ्या मते भूमिगत खाणीचा खरा प्रश्न हाच आहे. जमीन खचलेली डोळ्यांना दिसते, त्यामुळे तिची भरपाई मागता तरी येते. विहीर आटली की ‘यंदा पाऊस कमी झाला’ हे उत्तर तयार असतं.

विदर्भातला कोळसा बराकर खडकात आहे. बऱ्याच ठिकाणी त्याच्या वर कामठी वालुकाश्म आहे, नागपूरजवळच्या कामठीवरून त्याचं नाव पडलं. हा खडक पाणी चांगलं धरतो. अहवालात सहसा असं लिहितात की गावच्या विहिरी उथळ, खाण खोल, मधे चिकणमातीचा अभेद्य थर, म्हणून विहिरींवर परिणाम नाही. डेव्हलपमेंट चालू असेपर्यंत हे बरंचसं खरं असतं. छत पाडलं की पडझडीचा आणि त्यावरचा भेगाळलेला पट्टा काढलेल्या जाडीच्या कित्येक पट वर चढतो. तो मधल्या थरापर्यंत पोचतो की नाही, हे त्या जागेच्या बोअरहोलच्या, म्हणजे खडकाचे थर तपासायला घेतलेल्या छिद्रांच्या, नोंदी बघितल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. म्हणून अहवालात बोअरहोलच्या नोंदी आहेत का, भेगाळलेल्या पट्ट्याची उंची मांडली आहे का, आणि रोज किती पाणी उपसणार व त्यामुळे पाणीपातळी किती अंतरापर्यंत उतरेल याचं गणित आहे का, हे बघा.

त्यात दुसरी मेख अशी की नियमानुसार पार्श्वभूमीची मोजमापं पावसाळा सोडून एकाच हंगामात घेतली तरी चालतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मोजलेल्या विहिरी भरलेल्याच दिसणार. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या भागातल्या निरीक्षण विहिरीच्या मागच्या दहा वर्षांच्या नोंदी मागवा आणि अहवालातल्या आकड्यांशेजारी ठेवा. हे काम मुंबईतून होतं.

गावात मात्र एक काम तुमच्या भावकीलाच करावं लागेल. प्रत्येक विहिरीचा गट नंबर, खोली, आणि कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर दोरी सोडून मोजायचं. एकदा ऐन मे महिन्यात, एकदा पावसाळा संपल्यावर. टेप लावलेली दोरी दिसेल असा तारखेचा फोटो घ्यायचा आणि यादी ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवायची. घरांचंही तसंच. मुंबईकरांना हे लगेच पटेल. गिरगाव-काळबादेवीखालून मेट्रो ३ चे बोगदे खोदताना जुन्या इमारतींतल्या आधीच्या भेगा नोंदवल्या गेल्या आणि भिंतींवर मोजणीची उपकरणं बसवली गेली. मुंबईच्या चाळीला जे मिळालं ते वणीच्या कौलारू घरालाही मिळायला हवं, आणि खाणीच्या खर्चानं मिळायला हवं. तशी लेखी मागणी करा.

जमीन कोणाची, हा यापुढचा मुद्दा. तुमच्या प्रश्नातल्या तिन्ही जागा सरकारी आहेत, पण कायद्याच्या दृष्टीनं तीन वेगळ्या. राखीव जंगलासाठी १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते आणि खाण जमिनीखालून जात असली तरी ती चुकत नाही. झुडपी जंगल हे विदर्भाचं जुनं दुखणं. महसूल खातं आणि वन खातं यांच्यात ते वर्षानुवर्षं लटकत राहिलं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच आहे असा निकाल दिला आहे. तेव्हा अहवालातल्या जमीन-वापराच्या तक्त्यात ते ‘पडीक सरकारी जमीन’ म्हणून दाखवलं असेल, तर तिथेच बोट ठेवा. ई-क्लासवरच्या चराईसाठी निस्तार पत्रक काढून घ्या. गुरं कुठे चरतात, जळण कुठून येतं, पाणवठा कोणता, हे हक्क त्यात नोंदलेले असतात, आणि अहवाल लिहिणाऱ्यांनी ते कागद पाहिलेले असण्याची शक्यता फार कमी.

वनहक्क कायद्याखाली गावाचे सामूहिक हक्क मिळाले आहेत की दावा प्रलंबित आहे, हेही तपासा. वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी, असं केंद्राचं ३ ऑगस्ट २००९ चं परिपत्रक होतं आणि ओडिशातल्या खाणीबद्दलच्या २०१३ च्या नियमगिरी निकालात सर्वोच्च न्यायालयानं ग्रामसभेचं महत्त्व अधोरेखित केलं. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर राज्याच्या गळ्यात, असा क्रम केला. मला तो चुकीचा वाटतो. गावाचं म्हणणं ऐकायचं ते निर्णयाआधी. म्हणून तुमच्या ग्रामसभेनं वाट बघू नये, ठराव आत्ताच करावा. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला. हजेरीपटावर हे नीट दिसू द्या, नाहीतर चांगला ठराव तांत्रिक कारणानं बाद होतो.

भूमिगत खाणीला आपले नियमही सौम्य वागवतात. वनजमिनीचं नक्त वर्तमान मूल्य, म्हणजे जंगल वळवण्याबद्दल भरायची रक्कम, भूमिगत कामासाठी निम्मं आकारतात. खाण बंद करण्यासाठी कंपनीनं बाजूला ठेवायची रक्कम २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये होती, भूमिगतला १ लाख. याला आधार आहे, तो मी नाकारत नाही. खुल्या खाणीत गाव, शेत, जंगल सगळंच उठतं आणि मातीचे डोंगर उभे राहतात. घुग्घुस-वणी रस्त्यानं गेलेल्या कोणालाही हे सांगायची गरज नाही. कोळसा काढायचाच असेल तर वाळू भरून केलेली भूमिगत खाण मी खुल्या खाणीपेक्षा केव्हाही पत्करीन. पण सवलत छत न पाडणाऱ्या खाणीला शोभते. छत पाडणारी खाण तीच सवलत घेत असेल, तर तिच्या परिणामांची किंमत गाव मोजतं.

हवामानबदलाचा मुद्दा सुनावणीत मांडावा का, असंही तुम्ही विचारलं आहे. मांडा, पण थोडक्यात. बाहेरच्या देशांत या मुद्द्यावर भूमिगत खाणी अडल्या आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वेस्ट एल्क या भूमिगत खाणीला सरकारी जंगलाखालची आणखी जमीन भाडेपट्ट्यानं द्यायची होती. २०१४ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयानं त्यासाठी सरकारनं केलेला पर्यावरण आढावा अपुरा ठरवला. फायदे रुपयापैशांत मांडले आणि कर्ब उत्सर्जनाची किंमत मोजता येत नाही म्हणून सोडून दिली, हे न्यायालयाला मान्य झालं नाही. त्या प्रकरणात खाण जमिनीखाली असली तरी मिथेन वायू काढण्यासाठी वर जंगलात विंधन विहिरी आणि रस्ते करावे लागणार होते. इंग्लंडमध्ये व्हाइटहेवनच्या भूमिगत खाणीची परवानगी सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाली, कारण कोळसा जळल्यावर होणारं उत्सर्जन आढाव्यात नीट धरलं नव्हतं. उलट बाजूनं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये अशा आढाव्यांची व्याप्ती बरीच आखडली. आपल्याकडे जळलेल्या कोळशाचं उत्सर्जन खाणीच्या अहवालात मागण्याची पद्धत नाही. पण थरातल्या वायूची श्रेणी (कोळशातून किती ज्वलनशील वायू सुटतो त्यावरून ठरणारी) कोणती आणि पंख्यातून किती मिथेन बाहेर पडेल, हे विचारणं पूर्णपणे अहवालाच्या कक्षेत बसतं.

सुनावणीबद्दल. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळच घ्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी अध्यक्ष असतो, आणि चित्रीकरण होतं. गणसंख्येची अट नाही. पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. म्हणून बहिष्कार टाकण्याच्या मी विरोधात आहे. जुलै २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यात गोंडखैरीच्या प्रस्तावित भूमिगत खाणीच्या सुनावणीला लोक मोठ्या संख्येनं आले आणि विहिरी, शेती यांवर बोलून विरोध नोंदवला. ते योग्य झालं. जे बोललं जात नाही ते इतिवृत्तात येत नाही, आणि मंजुरीची शिफारस करणारी दिल्लीतली तज्ज्ञ समिती इतिवृत्त वाचते.

तुम्ही मुंबईत असलात तरी लेखी म्हणणं देऊ शकता. प्रकल्पाच्या पर्यावरणीय बाजूशी रास्त संबंध असलेल्या कोणालाही तो अधिकार आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर सारांश आणि अहवाल असतो. तुमच्या भागातल्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा, एक प्रत सायनच्या मुख्यालयात स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. भाषणासारखं लिहू नका. उत्तर देणं भाग पडेल असं लिहा. नमुना देतो:

‘अहवालात डीपिलरिंगचा उल्लेख आहे, मात्र पॅनलनिहाय खचण्याचा अंदाज आणि ताणाचा नकाशा जोडलेला नाही. आमच्या गावाच्या गट नकाशावर कमाल खचणं आणि कमाल ताण दाखवणारा नकाशा द्यावा. त्या क्षेत्रातल्या प्रत्येक विहिरीची खोली, मे महिन्यातली पाणीपातळी आणि खाणीमुळे अपेक्षित घट यांचा तक्ता द्यावा. घट अपेक्षेपेक्षा जास्त झाल्यास पर्यायी पाणी कोण, किती दिवसांत आणि कोणत्या निधीतून देणार, हे अंतिम अहवालात नमूद करावं.’

सुनावणीत मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याला अंतिम अहवालात उत्तर देणं कंपनीला भाग आहे. ‘योग्य ती काळजी घेतली जाईल’ एवढंच उत्तर आलं, तर पुढे तेच तुमच्या उपयोगी पडतं. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त मराठीत समजावून सांगावं लागतं. तेव्हा उठून जाऊ नका. आपला मुद्दा चुकीचा लिहिला असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

जमीन संपादनाची नोटीस वेगळी आणि ही सुनावणी वेगळी, यात गल्लत करू नका. सरकारी कंपनी १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली जमीन घेत असेल, तर कलम ७ च्या अधिसूचनेनंतर हरकतींसाठी ३० दिवसच असतात. त्या कायद्यात पूर्ण जमीन न घेता फक्त खालचे खाण हक्क घेण्याचीही सोय आहे. म्हणजे सात-बारा वडिलांच्याच नावावर राहतो, पण खालचा आधार दुसऱ्याच्या हातात जातो. तुमच्या शेताचं असं होणार आहे का, हे तलाठ्याच्या तोंडी उत्तरावर सोडू नका, राजपत्र बघा.

मंजुरी निघाली तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर तिचं पत्र आणि तज्ज्ञ समितीच्या बैठकांची इतिवृत्तं मिळतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठापुढे अपील करायला ३० दिवस असतात, पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यानंतर दार बंद. सुनावणी झाल्यापासून दर आठवड्याला एकानं पोर्टल बघायचं, हे भावंडांत आत्ताच वाटून घ्या. विहिरींची यादी, निस्तार पत्रक, ग्रामसभेचा ठराव आणि सायनची पोच एकाच फायलीत मुंबईत ठेवा, आणि दुसरा संच गावात.

खाण आराखड्याचं प्रकरण आणि खचण्याचा नकाशा मिळाला की मला त्याची पानं दाखवा. थराची खोली आणि जाडी कळल्यावर तुमच्या घराच्या आणि विहिरीच्या जागेबद्दल नेमकं बोलता येईल.